बारा व्होल्टची गल्ली

सुग्रीव सरांच्या गल्लीत कुणाकडेही मोटार नव्हती. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढणं हा गुन्हा आहे आणि गल्लीतली सहाही घरं कायदा मानणारी होती. नळाला पाणी आलं की सहाही घरांतून घरघर आवाज येई हे खरं, पण तो कशाचा, हे एकमेकांना विचारायची रीत नव्हती. ताराबाईंच्या नळाशेजारी पालथ्या पाटीखाली काहीतरी झाकलेलं असे, हरिओमच्या नळाशेजारी पोत्याखाली असे, आणि खुद्द सरांकडे ते काहीतरी 'विज्ञान साहित्य' असं लिहिलेल्या खोक्यात असे. सर केजच्या एका शाळेत विज्ञान शिकवत, त्यामुळे खोक्यावर संशय घ्यायचं कारण नव्हतं.

पाणी यायचं दहा-पंधरा दिवसांतून एकदा, पाऊण तासभर, आणि वेळ त्याच्या मर्जीची. ते आल्याचं गल्लीला कळवायचं काम गौसिया चाची करत. हे काम त्यांना कुणी नेमून दिलं नव्हतं. त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशी, उताराला, म्हणून पाइपातलं पाणी आधी त्यांच्या नळात येऊन खोकायचं. मग चाची पदर सारखा करून निघत आणि एकेक दार वाजवत येत. पण नुसतं दार वाजवून पुढे जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. ताराबाईंच्या दारात गुडघेदुखीची चौकशी होई, हरिओमच्या दारात त्याच्या किराणा दुकानातल्या चहापत्तीबद्दल तक्रार होई, सरांच्या दारात त्यांच्या बायकोशी, उज्ज्वलाबाईंशी, लोणच्यावर चर्चा होई. पाचवं घर एसटीत कंडक्टर असलेल्या परमेश्वरचं. तिथं कोणत्या गाडीला किती गर्दी होती हे विचारल्याशिवाय चाचींचं पाऊल उचलत नसे. शेवटचं घर सिदूचं. सिदूचा धंदा शेळ्यामेंढ्यांचा. त्याच्या दारात चाची पोचत तोवर पहिल्या घरांच्या टाक्या भरून वाहत असत. सिदू कुरकुर करत नसे. मिळेल तेवढं भरून घेई.

ही व्यवस्था वर्षानुवर्षं चालली होती आणि तिला व्यवस्था म्हणतात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते आलं चाची गेल्यावर. चाचींची मुलगी जिनत चौसाळ्याला दिलेली. तिच्या बाळंतपणासाठी चाची एप्रिलच्या सुरुवातीला तिकडे गेल्या, आणि त्याच आठवड्यात भर दुपारी, सगळी गल्ली कूलरसमोर आडवी असताना, पाणी येऊन गेलं. ते येऊन गेल्याचं लोकांना संध्याकाळी चाचींच्या दारातल्या चिखलावरून कळलं.

एरवी माणसं दोन शिव्या घालून गप्प बसली असती. पण सरांना गप्प बसणं शक्य नव्हतं, कारण पंधरवड्यात त्यांच्या घरावर स्लॅब पडायचा होता. त्यांची मुलगी ऋतुजा बी.एस्सी. होऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती आणि तो अभ्यास स्वयंपाकघरात, फोडणीच्या ठसक्यात चालला होता. सरांनी तिला वरती खोली कबूल केली होती. मिस्त्री सरांना म्हणाला होता की स्लॅब टाकणं त्याचं काम, त्याला पाणी पाजणं सरांचं. ऊन असं आहे की एकदा वाळला की तडा जाणार, आणि तडा गेला की त्याचं नाव घ्यायचं नाही. थोडक्यात, पाणी पुन्हा चुकलं तर खोली गेली.

सरांनी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढली. चाचींच्या नळाखाली एक प्लास्टिकचा मग टांगायचा. मगाच्या बुडाला बारीक भोक, म्हणजे नळ बंद झाला की मग आपोआप रिकामा. मगात पितळेचे दोन स्क्रू. पाणी आलं, मग भरला, स्क्रू पाण्यात बुडाले की विजेचं मंडल पूर्ण. तिथून गल्लीभर दोन तारांची बारीक वायर आणि प्रत्येक घरात एक बेल. वीज मोटारसायकलच्या बॅटरीची, बारा व्होल्ट. हात लावला तरी कळणार नाही. पाणी आलं की सहाही घरांत एकाच क्षणी बेल वाजेल. 'एकाच क्षणी' या शब्दांखाली सरांनी रेघ मारली होती. पुढे जे झालं ते त्या रेघेमुळेच झालं, पण त्या दिवशी सगळ्यांना ती रेघ फार आवडली.

सल्ले दुसऱ्या दिवशी सकाळपासून येऊ लागले. हरिओमचं म्हणणं पडलं की बेलीऐवजी आरती लावावी, म्हणजे पाण्याचं पाणी आणि पुण्याचं पुण्य. परमेश्वरला एसटीची शिस्त हवी होती. पाणी आलं की दोन टोले, गेलं की एक. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या ताराबाईंनी विचारलं की वायरमधला करंट पाण्यात उतरला, पाण्यातून टाकीत, टाकीतून चहात, तर जबाबदार कोण. सरांनी त्यांना बारा व्होल्ट म्हणजे काय हे अर्धा तास समजावून सांगितलं. ताराबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं की मग जबाबदार सरच ना. चाचींचे नवरे शफीभाई मोटारी वाइंडिंग करून द्यायचे. त्यांनी बॅटरी दिली, नळाखाली मग टांगू दिला आणि सल्ला दिला नाही. सिदूनं एकच विचारलं, "सर, टोकापर्यंत यील का?"

बेली आणायला सर बाजारात गेले, तर बारा व्होल्टवर चालणाऱ्या आणि संख्येनं सहा अशा बेली एकाच जातीच्या मिळाल्या. त्या वाजत नसत, बोलत. बटण दाबलं की आतली बाई अदबीनं म्हणे, "कृपया दरवाज़ा खोलिए." सर थोडे घुटमळले. पण दुकानदार म्हणाला की चिमणीच्या आवाजाची एकच शिल्लक आहे आणि तिच्यातली चिमणी आजारी आहे.

मग खांबांचा प्रश्न आला. वायर गल्लीतल्या खांबांवरून नेली तर ती उंच राहील, आणि विचारून केलेलं बरं, म्हणून सर अर्ज घेऊन निघाले. पहिल्या ऑफिसात सांगण्यात आलं की खांब आमचे आहेत, पण बारा व्होल्ट ही आमच्या हिशेबात वीजच नव्हे. ती टेलिफोनसारखी झाली. टेलिफोनच्या ऑफिसात असं निघालं की वायरीतून बोलणं जात असेल तरच ती त्यांची, आणि ही बाई वायरीतून बोलत नाही, बेलीतून बोलते. तिसऱ्या ठिकाणी रस्ता त्यांचा होता, पण रस्त्यावरची हवा कुणाच्या टेबलाला येते हे पाहणारा कारकून रजेवर होता. तिन्ही साहेब अत्यंत सौजन्यानं बोलले, दोघांनी चहा पाजला. सर परत आले आणि त्यांनी वायर कंपाउंडच्या भिंतींवरून, ताराबाईंच्या शेवग्यातून आणि हरिओमच्या दुकानाच्या पाटीमागून नेली.

पहिल्या चाचणीत सिदूची बेल नीट बोलेना. बाकीच्या घरांत बाई ठणठणीत होती. सिदूच्या घरी ती भूल उतरत असल्यासारखी "कृऽऽ" म्हणून थांबायची. सरांना याचं कारण ठाऊक होतं आणि ते सांगायला मिळाल्याचा त्यांना आनंदही झाला. त्यांनी सिदूला भिंतीवर कोळशानं आकृती काढून दाखवली. वायर बारीक, लांबी जास्त, वाटेतल्या प्रत्येक घरानं आपापली ओढ घेतलेली. निघताना बारा व्होल्ट, टोकाला पोचतात आठ.

"कालव्यावानी," सिदू म्हणाला. "वरचे पितेत, टेलवाला बोंबलतो."

सरांना ही उपमा इतकी पटली की पुढचे दोन दिवस त्यांनी नववीच्या दोन्ही तुकड्यांना तीच सांगितली. शेवटच्या टप्प्याला त्यांनी बारीक वायर काढून चांगली जाड घातली आणि सिदूची बाई शुद्धीवर आली. हीच उपमा त्यांनी त्याच वेळी वायरीवरून काढून पाण्याच्या पाइपाला लावून पाहिली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण माणूस ज्या वस्तूत गुंतलेला असतो तिच्या पलीकडे त्याची उपमा सहसा जात नाही.

त्याच आठवड्यात वीजचोरी तपासणारी गाडी गल्लीत शिरली. गाडीतल्या तरुण इंजिनिअरनं एका घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलेली वायर पाहिली आणि एका मीटरवर सहा घरं चालतात असा सरळ निष्कर्ष काढला. सर म्हणाले की ही वीज नाही, म्हणजे आहे, पण बाराच व्होल्ट आहे. इंजिनिअर म्हणाला, सिद्ध करा. सरांनी आतून मल्टिमीटर आणला. मल्टिमीटरचे सेल संपलेले होते. सरांच्या आयुष्यात उपकरणं नेहमी अशाच वेळी धोका देत आली होती. मग त्यांनी बॅटरीकडून येणाऱ्या वायरीची दोन टोकं सोलली आणि इंजिनिअरला म्हणाले, हात लावून बघा. इंजिनिअर दोन पावलं मागे सरकला. ड्रायव्हर गाडीत जाऊन बसला. तेव्हा सत्याच्या बाजूनं एक पुरावा तरी असावा म्हणून सरांनी दोन्ही टोकं स्वतःच्या जिभेला लावली.

बारा व्होल्टनं माणूस मरत नाही. जीभ मात्र चांगलीच झिणझिणते, आणि नंतर थोडा वेळ 'र' आणि 'ल' जागेवर नसतात. "बघा, काई झायं का," असं सर म्हणत असतानाच शाळा सुटली आणि आठवी ब ची मुलं गल्लीतून घरी निघाली. रस्त्याच्या मधोमध तोंडात वायर धरून एका साहेबाला बोबड्या भाषेत काही समजावणारे आपले सर, हे दृश्य मुलांनी शांतपणे पाहिलं. इंजिनिअरनं पंचनामा न करता गाडी वळवली. सरांनी विज्ञान वाचवलं होतं. बाकी काही वाचलं नव्हतं.

ठरल्या दिवशी स्लॅब पडला. मिस्त्रीनं वर सिमेंटची लहान लहान आळी घालून दिली आणि ती पाण्यानं भरलेली ठेवा म्हणून सांगून तो पुढच्या कामावर गेला. तोवर चाचीही चौसाळ्याहून परतल्या. आपल्याच नळाखाली टांगलेला मग त्यांनी खालून वरून पाहिला, बेल ऐकली, आणि शफीभाईंना एवढंच म्हणाल्या की चला, एक काम कमी झालं. त्यानंतर त्या गल्लीत कुणाशी फारशा बोलल्या नाहीत. बोलायला दार लागतं, आणि दार वाजवायला आता काही निमित्त नव्हतं.

पाणी आलं ते चारच्या सुमाराला. मग भरला, स्क्रू बुडाले आणि सहाही घरांत सहा बायका एका सुरात म्हणाल्या, "कृपया दरवाज़ा खोलिए." सहाही दारं उघडली. दारात कुणीच नव्हतं. समोरच्या दारात मात्र समोरचा उभा होता. गल्लीनं क्षणभर एकमेकांकडे पाहिलं, मग सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि सगळे नळाकडे धावले. पाटीखालचं, पोत्याखालचं, खोक्यातलं, गल्लीत नसलेलं सगळं काही एकाच क्षणी सुरू झालं.

अर्धा मिनिट घरघर झाली. मग आवाज चढला, शिट्टीसारखा झाला. एका अंगठ्याएवढ्या पाइपाला सहा तोंडं एकदम लागली होती आणि पाइपात ओढायला उरली होती फक्त हवा. गल्लीच्या तोंडाशी चाचींचा नळ फुस्स झाला, खालचा मग भोकातून रिकामा झाला, बेल बंद पडली. बेल बंद म्हणजे पाणी गेलं. वाइंडिंग जळेल या भीतीनं सगळ्यांनी बटणं बंद केली. ओढ थांबताच पाइपात पाणी परत आलं, चाचींचा मग भरला. "कृपया दरवाज़ा." सगळ्यांनी बटणं चालू केली. मग रिकामा. "कृपया." बंद. चालू. "कृपया दर." बंद.

सर जिन्यात उभे होते. वर स्लॅबवर पाइप धरून उज्ज्वलाबाई थांबल्या होत्या आणि पाइपातून मधून मधून एक ढेकर तेवढी येत होती. चौथ्या की पाचव्या 'कृपया'ला सरांना समजलं की आपण काय केलं आहे. विजेची घंटा. मंडल पूर्ण होतं, हातोडी ओढली जाते, ओढली गेल्यामुळेच मंडल तुटतं, हातोडी मागे येते, मंडल पुन्हा पूर्ण. ही आकृती त्यांनी फळ्यावर इतकी वर्षं काढली होती की डोळे मिटून काढता आली असती. आज ते त्या आकृतीच्या आत उभे होते, सहा घरं, पाइप आणि शेजाऱ्यांसकट, आणि गल्ली कुणाच्या बापाचं न ऐकता ठणाणा वाजत होती.

पाऊण तासानं पाणी गेलं. प्रत्येक घरात बादलीभर गढूळ पाणी जमलं होतं. हरिओमच्या पोत्याखालून जळका वास येत होता आणि शफीभाई पिशवीत काहीतरी जड घेऊन आपल्या दुकानाकडे निघाले होते. दोन दिवसांच्या स्लॅबला मिळालं ते बादलीतलं निम्मं.

तेव्हापासून सरांच्या घरातला प्रत्येक थेंब वर जाऊ लागला. तांदूळ धुतलेलं पाणी वर, भांडी विसळलेलं वर. शेवटी उज्ज्वलाबाईंनी सुचवलं की अंघोळ वरच केली तर चढवायचा त्रास वाचेल. सर पहाटे टॉवेल लावून ओल्या पोत्यांमध्ये बसून अंघोळ करू लागले आणि दर वेळी जागा बदलू लागले, म्हणजे सगळा स्लॅब सारखा भिजावा. हे आठवी ब ला कधी कळलं ते त्यांना कळलं नाही. पण एका मुलानं वर्गात विचारलं की सर, अंघोळीच्या साबणानं सिमेंट पक्कं होतं का. शंका शास्त्रीय होती. सरांना उत्तर द्यावं लागलं.

हरिओमच्या ओट्यावर बैठक बसली. सरांना कारण सांगायचं होतं आणि कारण अगदी सोपं होतं.

"आपण सगळ्यांनी एकाच क्षणी..." सर म्हणाले आणि थांबले.

"एकाच क्षणी काय?" ताराबाईंनी विचारलं.

"नळ उघडले."

"नळ उघडल्यानं पाणी कमी होतंय व्हय सर? मंग नळ कशाला हायती?"

चाची दार वाजवत यायच्या तेव्हा घरं एकामागून एक सुरू व्हायची, आधीच्याचं भरत आलं की पुढच्याची ओढ लागायची, म्हणून सगळ्यांना मिळायचं. हे सरांनी शक्य तितकं आडून सांगितलं. म्हणजे पाळी लावली पाहिजे. परमेश्वर म्हणाला, "सर म्हणतेत ते खरं हाय. पण मोटारच न्हाई त्या माणसानं पाळी कशाची लावायची?" हे सगळ्यांना पटलं. सर्वांत जोरात पटलं ते हरिओमला, ज्याची मोटार त्या वेळी शफीभाईंच्या दुकानात नावाची चिठ्ठी लावून पडली होती. तो म्हणाला की आमच्या सात पिढ्यांत कुणी मोटार बघितलेली नाही. तरीही, समजा पाळी लावलीच तर पहिली कुणाची, असं सरांनी विचारलं, तेव्हा पाच जणांनी स्वतःची पाच कारणं सांगितली. चाचींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला कावून विचारता? तुमच्या बाईला विचारा की, ती बोलती सारखी." आणि त्या उठून गेल्या. बैठक ठराव न होता संपली.

पुढचं पाणी जवळ येत चाललं तसा सरांचा जीव वर टांगला गेला. स्लॅबच्या एका कोपऱ्यावर केसासारखी रेघ दिसू लागली होती. मिस्त्रीनं ती पाहिली, बोटानं चाचपली आणि म्हटलं की या बारीला भरपूर पाणी मिळालं तर बुजेल, न्हाईतर पुढचं देवाला माहीत. ऋतुजानं वर न्यायला बांधून ठेवलेली पुस्तकं सोडून परत स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांशेजारी रचली. ते सरांना लागलं.

त्यांनी विचार केला. विचार पूर्ण शास्त्रीय होता. सहा ओढी एकदम लागल्यामुळे पाइप कोरडा पडतो. आपल्या पुढच्या दोन घरांत बेल वाजलीच नाही तर ओढी चार राहतील. चारमध्ये काहीतरी मिळेल. पुढच्या दोघांना थोड्या वेळानं आवाजावरून कळेलच. म्हणजे हा अन्याय नव्हे, हा भार कमी करणं आहे. इतका विचार झाल्यावर, दुपारच्या उन्हात गल्ली निपचित पडलेली पाहून, सर डोक्यावर टॉवेल टाकून बाहेर पडले आणि आपल्या भिंतीपलीकडे, परमेश्वरच्या कंपाउंडाच्या आडोशाला, त्यांनी वायर कापली. उघडी टोकं एकमेकांना चिकटली तर बॅटरी उतरेल, म्हणून प्रत्येक टोकाला त्यांनी काळी चिकटपट्टी गुंडाळली. काम चोरीचं असलं तरी कच्चं असू नये असा त्यांचा स्वभाव होता.

पाणी आलं ते सकाळी, चहाच्या वेळेला. सर बेलीकडे कान लावून बसले होते. बेल बोलली नाही. वाजलं ते दार.

दारात चाची होत्या. "सर, नळ आला ना. तुमची बाई झोपली वाटतं आज." मग त्यांनी उज्ज्वलाबाईंना हाक मारली, जिनतला मुलगी झाल्याचं सांगितलं, मुलीचं नाक कुणावर गेलंय ते सांगितलं, स्लॅबची चौकशी केली, सरांच्या अंघोळीचीही केली, आणि परमेश्वरच्या दाराकडे वळल्या. तोवर ताराबाईंकडची घरघर थांबली होती. सरांनी खोक्यात हात घातला. वर पाइपाला ढेकर आली नाही, धार आली. आळी एकेक करून भरली, पाणी एका कोपऱ्यातून दुसऱ्यात सरकलं, ती केसाएवढी रेघ त्याखाली गेली आणि ऋतुजा चप्पल काढून त्या पाण्यात उभी राहिली.

टाक्या भरल्यावर लोक बाहेर आले आणि मग तो प्रश्न निघाला. बेल का वाजली नाही. ज्यानं त्यानं तो विचारला, कारण न विचारणारा माणूस उठून दिसला असता. सरांनी मल्टिमीटर आणला. या वेळी त्यात नवे सेल होते, दुर्दैवानं. चाचींच्या घरापासून सुरुवात करून सर वायर चाचपत निघाले आणि गल्ली त्यांच्या मागोमाग निघाली.

पहिला तुकडा चाचींच्या दाराबाहेरच सापडला. वायर अडकित्त्यात धरल्यासारखी चेपून तुटली होती. चाची आभाळाकडे बघत होत्या. सर काही बोलणार तोच दुसरा दिसला, ताराबाईंच्या शेवग्यापलीकडे, विळीवर चिरल्यासारखा तिरका. तिसरा हरिओमच्या पाटीमागे, दुकानातल्या कात्रीचा, दोनदा चावलेला. लोकांच्या चालण्याचा वेग कमी होत गेला. पाचवा परमेश्वरच्या भिंतीपलीकडे होता. तिकिटाच्या जुन्या पंचनं एकाला एक लागून भोकं पाडत तो तोडला होता, त्याला वेळ लागला असणार. प्रत्येकानं आपल्या घरापलीकडची वायर तोडली होती, म्हणजे आपल्या पुढच्यांना कळू नये. असं प्रत्येकानं केल्यामुळे शेवटी बेल वाजली ती फक्त चाचींकडे. आणि चाचींनी वायर तोडली होती ती पाण्यासाठी नव्हेच.

चौथ्या तुकड्याजवळ सर थांबले नव्हते. मल्टिमीटर पाहण्याच्या नादात ते त्याच्यापुढून निघून गेले होते.

"शेळ्यांनी खाल्ली वाटतं," ताराबाई म्हणाल्या. गल्लीचा श्वास मोकळा झाला. हरिओम म्हणाला की शेळ्या प्लास्टिक खातातच, त्यानं बघितलंय. परमेश्वर म्हणाला की एसटीच्या सीटासुद्धा खातात. सरांनी इन्सुलेशनमध्ये शेळीला आवडेल असं काय असू शकतं यावर एक मुद्दा मांडला. सगळ्या गल्लीत शेळ्या एकाच्याच होत्या, आणि वायर तोडायला ज्याच्या पुढे घरच नव्हतं असाही तोच एक होता.

सिदू टोकाकडून चालत आला. परमेश्वरच्या तुकड्याजवळ वाकला, भोकांवर अंगठा फिरवला. मग आणखी पुढे येऊन त्यानं कंपाउंडाच्या आडोशातून चौथं टोक उचललं आणि उजेडात धरलं.

"शेळ्यांनीच खाल्ली असंल," तो म्हणाला. "पर ही एक शेळी लई शिकलेली दिसती सर. वायर खाऊन वर पट्टी बी चिकटवलीया."

कुणी हसलं नाही. कुणालाच ते परवडण्यासारखं नव्हतं. वर स्लॅबवरून ऋतुजाच्या हसण्याचा आवाज तेवढा आला आणि लगेच थांबला. सरांची जीभ, कोणताही विद्युतप्रवाह नसताना, जागेवर नव्हती.

"आता शेळ्यांचं नाव झालंच हाय," सिदू सावकाश म्हणाला, "तर चाची, पुढच्या बारीपासून दारं माझ्याकडनं वाजवत यायचं."

चाचींनी हिशेब केला. आधी मुकाट टोकापर्यंत चालत जायचं, आणि बोलायचं ते येताना. म्हणजे शेवटचं दार ताराबाईंचं, घराशेजारीच, तिथं हवं तेवढं बसता येईल. त्या म्हणाल्या चालंल. बाकी तिघांनी सरांकडे पाहिलं. सरांनी घसा साफ केला आणि सांगितलं की टोकापासून सुरुवात करणं शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य आहे, त्यांनाही हेच सुचवायचं होतं.

सिदू परमेश्वरच्या भिंतीकडे वळला आणि आपल्या बाजूची, शेवटच्या टप्प्याची ती जाड, नवी वायर खिळ्यांवरून सोडवू लागला. सर म्हणाले, "अरे, ती..."

"शेळ्या बांधून ठेवाव्या लागतील की आता," सिदू म्हणाला. "खायची सवय लागली तर अवघड हाय."

तो हाताच्या कोपरावर वेटोळं घेत मागे मागे जाऊ लागला. वायर लांब होती आणि कडक होती, गुंतत होती. सरांनी मल्टिमीटर खिशात घातला, मोकळं टोक उचललं आणि गुंता होऊ नये अशा बेतानं, हात वर करून, ते शेवटपर्यंत धरून उभे राहिले.